नगांवर मोजलेले विज्ञान

मिरकरवाड्याच्या जेटीवर पहाटे होड्या लागल्या की लिलावाला तोंड फुटते. कोळंबीच्या ढिगापाशी येऊन उभ्या राहणाऱ्या व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काउंट किती?" काउंट म्हणजे एका किलोत किती नग बसतात तो आकडा. नग कमी भरले तर कोळंबी मोठी आणि भाव चढा. नग जास्त भरले तर माल बारीक आणि भाव उतरलेला. हा हिशेब समजण्यासाठी येथे कोणाला विद्यापीठाच्या पदवीची गरज पडत नाही. डोक्यावर पाटी घेऊन चाललेल्या कोळिणीलाही तो ठाऊक असतो. तो ठाऊक नाही तो फक्त आपल्या विद्यापीठांतील निवड समित्यांना!

हे विधान कोणाला कठोर वाटेल. ते करण्यामागचे कारण प्रथम सांगतो. मिरकरवाड्यातील एका तांडेलाच्या मुलाला मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवले. पुढे तो अणुकेंद्रीय भौतिकीकडे वळला, डॉक्टरेट झाला, आणि गॅमा किरण टिपणाऱ्या शोधकयंत्रांची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था उभारण्यात त्याने आयुष्यातील उमेदीची सात वर्षे घालविली. त्या यंत्रणेवर इतरांनी प्रयोग केले, निष्कर्ष काढले, निबंध लिहिले. याच्या स्वतःच्या नावावर मात्र मोजून चार शोधनिबंध. गेल्या वर्षी एका संस्थेत अध्यापकपदाच्या मुलाखतीला तो गेला. मुलाखत अकरा मिनिटांत संपली. "तुमचा एच-निर्देशांक किती? ज्या पत्रिकांत लिहिले त्यांचे प्रभावांक किती? एकूण उद्धरणे किती?" असे तीन प्रश्न झाले. तू नेमके काय केलेस, हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्याचे चार निबंध समोरच्या पाच विद्वानांपैकी एकानेही उघडून पाहिलेले नव्हते. परत आल्यावर तो मला म्हणाला, "सर, तिथे काउंट विचारतात, पण उलटा!"

हे उलटे गणित देशाला कोठे नेणार आहे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

मोजपट्टी कोणाची?

ज्या आकड्यांपुढे आज आपले कुलगुरू आणि निवड समित्या नतमस्तक होतात, ते आकडे कोठून आले? अमेरिकेतील यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली अशी कल्पना मांडली की, कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणकोणत्या निबंधांत झाला याची सूची केल्यास संशोधकाला संदर्भ शोधणे सोपे जाईल. त्यातून उद्धरणांची सूची निघाली, आणि कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरविताना ग्रंथपालांना उपयोग व्हावा म्हणून प्रभावांक आला. मूळ हेतू ग्रंथालयाच्या सोयीचा होता. २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचविला. ज्याच्या किमान दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उद्धरणे मिळाली त्याचा निर्देशांक दहा, असे हे सोपे गणित. सोपे असल्यामुळेच ते आळशी परीक्षकाच्या हाती पडले. निबंध वाचण्याचे कष्ट नकोत, विषय समजून घेण्याची शिक्षा नको. संगणकावर नाव टाकले की माणसाची किंमत हजर!

ज्या पाश्चात्त्य जगात ही मोजपट्टी जन्मली, तेथील विचारी शास्त्रज्ञांनी तिच्याविरुद्ध केव्हाच आवाज उठविला आहे. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या जाहीरनाम्याने, पत्रिकेच्या प्रभावांकावरून व्यक्तीचे मूल्यमापन करू नये असे स्पष्ट बजावले. ज्यांच्या नावाचा कण शोधण्यासाठी सारे जग धडपडले, ते पीटर हिग्ज २०१३ साली नोबेल पारितोषिक स्वीकारण्याच्या सुमारास म्हणाले होते की, आजच्या काळात आपल्याला विद्यापीठात नोकरीच मिळाली नसती. आपण पुरेसे 'उत्पादक' ठरलो नसतो. मालकाने टाकून द्यायला काढलेला कोट चाकराने दिमाखाने मिरवावा, तशी आपली गत झाली आहे.

भाभांना या तराजूत घाला

हा तराजू खरा की खोटा, हे तपासण्याचा एक सोपा उपाय आहे. ज्याच्या थोरवीविषयी दुमत नाही असा माणूस त्यात घालून पाहावा. मुंबईत ३० ऑक्टोबर १९०९ रोजी जन्मलेल्या होमी जहांगीर भाभांना आपण या पारड्यात बसवू.

केंब्रिजला यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी गेलेला हा तरुण डिरॅकच्या गणिताने भारला गेला आणि भौतिकशास्त्राकडे वळला. १९३६ साली रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत त्याचा निबंध आला. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात तेव्हा काय घडते, याचे गणित त्यात होते. पॉझिट्रॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. हे विकिरण आज जगभर 'भाभा विकिरण' म्हणून ओळखले जाते. १९३७ साली हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांचे वर्षाव कसे निर्माण होतात याची उपपत्ती मांडली. वरून येणारा एक शक्तिमान इलेक्ट्रॉन किरणे जन्माला घालतो, त्या किरणांतून नव्या कणांच्या जोड्या निघतात, आणि पायरीपायरीने ही संतती वाढत जाते, हे त्यांनी गणिताने दाखविले. १९३८ साली 'नेचर'मधील एका छोट्या टिपणात त्यांनी असे सुचविले की, विश्वकिरणांतील मध्यम वस्तुमानाचा कण वेगाने धावत असताना अधिक काळ जगलेला दिसेल, आणि त्यावरून आइन्स्टाइनच्या सापेक्षतेची थेट परीक्षा होईल. ती परीक्षा पुढे झाली आणि सापेक्षता तीत उतरली. त्या कणाला 'मेसोट्रॉन' म्हणावे असे इतर म्हणत असता, मूळ ग्रीक शब्दात नसलेली अक्षरे त्यात घुसडण्याचे कारण नाही, 'मेसॉन' पुरे, असे १९३९ साली भाभांनीच दाखवून दिले.

आता मोजणाऱ्यांनी आपली फूटपट्टी काढावी! जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ ते २००० या काळात चाललेल्या महाकाय यंत्रात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर घडविली जाई. किती टकरा होत आहेत हे जाणल्यावाचून तेथील कोणतेही मापन पुरे होत नसे. आणि ते जाणण्याचे साधन कोणते? भाभा विकिरण! निसर्गात हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार तीनच आहेत हे त्या यंत्राने ठरविले, त्या मापनाचा पाया हाच होता. २०२० साली त्या विकिरणाचे गणित अधिक सूक्ष्मपणे पुन्हा मांडले गेले, तेव्हा ते मापन तीनच्या आणखी जवळ सरकले. निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर चौऱ्यांशी वर्षांनीही त्यावाचून पान हलत नव्हते, असा हा निबंध.

परंतु हे काम करणारे शेकडो शास्त्रज्ञ दर वेळी १९३६ च्या निबंधाचे उद्धरण देतात काय? देत नाहीत. गुरुत्वाकर्षणाचा उल्लेख करताना न्यूटनच्या ग्रंथाचा पृष्ठांक कोणी देत नाही, तसेच हे. जे ज्ञान सर्वांच्या रक्तात मिसळते ते तळटिपेतून नाहीसे होते. 'मेसॉन' हा शब्द उच्चारणारा कोणताही विद्यार्थी भाभांच्या नावावर उद्धरण जमा करीत नाही. म्हणजे या तराजूचा गुण असा की, प्रभाव मध्यम असेल तोवर तो मोजतो. प्रभाव सर्वव्यापी झाला की तो शून्याकडे झुकतो! ज्या मापाने परडी मोजता येते पण समुद्र मोजता येत नाही, त्याला समुद्राविषयी निर्णय देण्याचा अधिकार कोणी दिला?

'घसरणी'ची वर्षे

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. १९३९ साली सुटीसाठी मायदेशी आलेले भाभा महायुद्धामुळे येथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या छायेत त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन चालविले, १९४१ साली वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपताच केंब्रिज काय, प्रिन्स्टन काय, कोठलेही दार त्यांच्यासाठी उघडे होते. अशा वेळी १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहिले. मूलभूत भौतिकशास्त्राची एक संस्था देशात उभी करा, म्हणजे काही दशकांनी अणुशक्तीपासून वीज होऊ लागेल तेव्हा तज्ज्ञांसाठी भारताला परदेशाकडे हात पसरावा लागणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमावर अणुबाँब पडण्यास तेव्हा सतरा महिने अवकाश होता, आणि देश पारतंत्र्यात होता. परतंत्र देशातील चौतीस वर्षांचा माणूस स्वतंत्र देशाच्या विजेची चिंता वाहत होता!

१९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली, १९४८ साली अणुऊर्जा आयोग आला, ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे 'अप्सरा' ही अणुभट्टी चालू झाली. तिचे इंधन ब्रिटनमधून आले होते हे खरे. पण तिची रचना व उभारणी भारतीय अभियंत्यांची होती. १९५७ साली तुर्भ्यालाच प्रशिक्षणशाळा निघाली, आणि तेथून दर वर्षी बाहेर पडणाऱ्या तुकड्यांनी पुढील सारा अणुकार्यक्रम खांद्यावर पेलला. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्सच्या माँ ब्लांवर विमान कोसळून भाभा गेले तेव्हा ते छप्पन वर्षांचे होते.

या काळात त्यांच्या स्वतःच्या शोधनिबंधांचे काय झाले? ते विरळ होत गेले. आजच्या निवड समितीपुढे भाभांचा आलेख ठेवला, तर अध्यक्ष महाशय चष्मा नाकावर सरकवीत म्हणतील, "सुरुवात चांगली होती, पण १९५० नंतर उमेदवाराची कामगिरी घसरलेली दिसते." घसरलेली! ज्या वर्षांत एका माणसाने राष्ट्राच्या हाती अणुविद्या दिली, ती वर्षे या तराजूत घसरणीची भरतात. तराजू मोडीत काढण्यास याहून अधिक पुरावा हवा तरी कोणता?

आणि निबंध असूनही?

कोणी म्हणेल, भाभा अपवादात्मक होते. सामान्यांसाठी निबंध हाच आधार. मग एका असामान्य स्त्रीची कथा ऐका. देवेंद्रमोहन बोस आणि त्यांच्या शिष्या बिभा चौधुरी यांनी हिमालयाच्या उंचीवर छायाचित्रणाच्या पट्ट्या ठेवून विश्वकिरणांच्या खुणा टिपल्या आणि त्यांवरून मध्यम वस्तुमानाच्या कणाचे वजन काढण्याची पद्धत दाखविली. हे निबंध १९४१-४२ साली 'नेचर'मध्ये छापले गेले. म्हणजे आजच्या भाषेत सर्वोच्च प्रभावांकाची पत्रिका! तरीही पुढे काय झाले? निश्चित निर्णयासाठी अधिक संवेदनशील पट्ट्या हव्या होत्या. युद्धकाळात त्या भारतात मिळाल्या नाहीत. १९४७ साली ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांच्या गटाने सुधारलेल्या पट्ट्या वापरून पाय-मेसॉन शोधला आणि १९५० चे नोबेल पारितोषिक पॉवेल यांना मिळाले. बिभा चौधुरींना भाभांनी १९४९ साली टाटा संस्थेत घेतले. तेथील त्या पहिल्या महिला संशोधक. पण मोठे सन्मान त्यांच्या वाट्याला आले नाहीत. १९९१ साली त्या गेल्या, आणि २०१९ साली दूरच्या एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळाले तेव्हा देशातील अनेकांनी ते प्रथमच ऐकले.

पॉवेल यांनी चोरी केली असा कांगावा मी करणार नाही. त्यांचे काम स्वतंत्र होते आणि अधिक काटेकोर होते. या कथेचा बोध वेगळा आहे. विद्या होती, कल्पना होती, पत्रिका होती. नव्हती ती काचेवर चढविलेली रसायनाची एक चांगली पट्टी! ती बनविणारा कारखाना आपल्याकडे नव्हता. देश मागे राहिला तो निबंध कमी पडल्यामुळे नव्हे, साधने परक्यांच्या हाती असल्यामुळे. मग आज साधने घडविणाऱ्याला, शोधकयंत्राची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था उभारणाऱ्या तांडेलाच्या मुलाला, "तुझे निबंध चारच" म्हणून दारातून परत पाठविणारे लोक १९४१ चीच चूक पुन्हा करीत नाहीत काय?

जे छापता येत नाही

अणुक्षेत्रात तर आणखी एक गोष्ट आहे. येथील पुष्कळसे काम छापताच येत नाही. १८ मे १९७४ रोजी आणि पुन्हा ११ व १३ मे १९९८ रोजी पोखरणच्या वाळूखाली जे घडले, त्यामागे वर्षानुवर्षे राबलेल्या किती शास्त्रज्ञांनी त्या कामावर निबंध लिहिले? त्यांच्या घरच्यांनाही ते काय करतात हे ठाऊक नव्हते. १९७४ नंतर जगाने आपली कोंडी केली; इंधन अडविले, यंत्रे अडविली. कल्पाक्कमच्या प्रायोगिक शीघ्र प्रजनक अणुभट्टीसाठी अपेक्षित परदेशी समृद्ध युरेनियम मिळेना, तेव्हा आपल्या लोकांनी युरेनियम-प्लुटोनियमच्या संमिश्र कार्बाइडचे इंधन स्वतः विकसित केले. अशा इंधनावर मुख्यतः चालणारी ती जगातील पहिली भट्टी ठरली. ऑक्टोबर १९८५ मध्ये ती कार्यान्वित झाली. त्या कार्यक्रमात आयुष्य घालविणारे डॉ. शिवराम भोजे हे कागल तालुक्यातील कसबा सांगावचे. त्याच वर्षी तुर्भ्याची 'ध्रुव' अणुभट्टी उभी राहिली; तिच्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते डॉ. अनिल काकोडकर गोव्याच्या मुक्तीसाठी तुरुंगवास सोसलेल्या मातेचे पुत्र. या माणसांची थोरवी उद्धरणांच्या यादीत शोधणे म्हणजे सैनिकाचे शौर्य त्याच्या भत्त्याच्या पावतीत शोधण्यासारखे आहे.

आणि हे सारे रत्नागिरीकरांपासून दूरचे आहे असेही कोणी समजू नये. आपला हापूस दीर्घ खंडानंतर २००७ साली पुन्हा अमेरिकेच्या बाजारात गेला, तो लासलगावच्या केंद्रात गॅमा किरणांचा मारा घेऊन. आंब्यातील किडीचा बंदोबस्त करणारी ती मात्रा ठरविण्यामागे भाभा अणुसंशोधन केंद्राची अनेक वर्षांची मेहनत आहे. त्यावर किती उद्धरणे मिळाली हे बागाईतदाराला ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याचे त्याला कारणही नाही. पेटी विमानात चढली, हे त्याचे उद्धरण!

उलट्या काउंटची फळे

उलटा काउंट लावला की माल कसा येतो, हे आपण पाहिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत अध्यापकांच्या निवडीसाठी व बढतीसाठी गुणांकन आणले, आणि निबंधांचे कारखाने सुरू झाले. पैसे भरा, आठ दिवसांत छापून घ्या, अशा पत्रिका गल्लोगल्ली निघाल्या. २०१८ साली पुणे विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या पत्रिकांचा एक नमुना तपासला, तेव्हा त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरल्या. त्याच वर्षी आयोगाला ४,३०५ पत्रिका यादीतून काढून टाकाव्या लागल्या. पुढे नवी यादी केली. २०२५ साली तीही मागे घेतली. एका संशोधनाचे पाच तुकडे करून पाच निबंध काढणे, एकमेकांची उद्धरणे देण्याचा साटेलोट्याचा व्यवहार करणे, विद्यार्थ्याच्या कामावर मार्गदर्शकाने आपले नाव पुढे सरकविणे, हे सारे या काउंटचे अपत्य. आणि दुसरे टोक पाहा. २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावर निघालेल्या एका निबंधाला ५,१५४ लेखक होते. तेहतीस पानांतील चोवीस पाने नावांची! त्यातील प्रत्येकाच्या खात्यावर एक निबंध जमा. तो तुकडे करणाऱ्यालाही एकच, आणि सात वर्षे यंत्र घडविणाऱ्यालाही एकच.

एक दुष्टचक्रही ध्यानात घेतले पाहिजे. 'प्रमाण' ही आपली भौतिकशास्त्राची पत्रिका १९७३ पासून निघते. 'करंट सायन्स' १९३२ पासून. रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत बंगळूरच्या काळात भाभांनीही लिहिले. आज आपला शास्त्रज्ञ आपला उत्तम निबंध तेथे देत नाही, कारण प्रभावांक कमी. प्रभावांक कमी का, तर उत्तम निबंध तेथे येत नाहीत! परिणामी आपल्याच पैशाने झालेले संशोधन परक्या प्रकाशकांना द्यायचे आणि तेच वाचण्यासाठी पुन्हा पैसे मोजायचे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये मंजूर करून सुमारे तेरा हजार परदेशी पत्रिका देशभरातील संस्थांना खुल्या करून दिल्या. लहान गावातील महाविद्यालयाला त्या मिळाव्यात हे उचितच; ते पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु विहीर खणण्याचा विचार न करता टँकरची रक्कम वाढवीत जाणे, हे नियोजन नव्हे. आणि मराठीत लिहिलेल्या विज्ञानाचे मोल तर या तराजूत शून्यच. डॉ. जयंत नारळीकरांनी खगोलशास्त्रात केलेले काम मोजले जाईल. त्यांचे मराठी लेखन वाचून ज्या हजारो मुलांना आकाशाचे वेड लागले ती मोजली जाणार नाहीत.

मग वशिला हवा काय?

या सर्वावर एक खरा आक्षेप आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आकडे काढून टाकले की त्यांच्या जागी काय येईल? आपल्याकडे काय येते, ते आपण जाणतो. कोणाचा जावई, कोणाचा शिष्य, कोणाच्या जातीचा, कोणाच्या पक्षाचा! आकड्याने निदान एवढे केले की, ज्याच्या मागे कोणी नाही अशा तांडेलाच्या पोराला "माझे इतके आहेत" असे म्हणता येऊ लागले. हा आक्षेप मला मान्य आहे. शिवाय भाभांसारख्या संपन्न घरातील माणसाला विश्वस्त निधीचे दार ठोठावता आले. ते मिरकरवाड्याच्या मुलाला येत नाही, हेही खरे.

आपल्या गोटातील काही उत्साही मंडळींनाही येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. पाश्चात्त्य मोजपट्टी नको म्हणजे कोणतीच परीक्षा नको, असा अर्थ काढून काही जण मोकळे होतात. २०१५ साली मुंबईतील विज्ञान परिषदेत प्राचीन विमानांविषयी जे वाचले गेले, त्याने भारताची मान उंचावली नाही. १९२४ ते १९३७ या काळात याच रत्नागिरीत स्थानबद्ध असताना स्वातंत्र्यवीर सावरकरांनी विज्ञाननिष्ठेचा जो आग्रह धरला, तो अशा फुशारक्यांना थारा देणारा नव्हता. परीक्षा हवीच, आणि ती कठोर हवी. प्रश्न एवढाच की परीक्षक निबंध वाचणार की निबंध मोजणार?

आणि मार्ग तरी कोठे अज्ञात आहे? तुर्भ्याच्या प्रशिक्षणशाळेने १९५७ पासून नवे पदवीधर निवडले ते त्यांच्या निबंधांचा ढीग पाहून नव्हे, तर समोर बसवून, मूलभूत प्रश्न विचारून. भाभांचा सिद्धांतच होता की, आधी योग्य माणूस शोधावा आणि संस्था त्याच्याभोवती वाढवावी. तेच आज करता येईल. उमेदवाराने स्वतःची उत्तम अशी तीनच कामे द्यावीत. निबंध असो, यंत्र असो, संगणकप्रणाली असो वा मराठीतील ग्रंथ असो. समितीने ती मुलाखतीपूर्वी वाचावीत. समितीत त्या विषयाचा किमान एक बाहेरचा जाणकार असावा. आणि प्रत्येक उमेदवाराविषयी, निवडलेल्या आणि नाकारलेल्याही, तिने कारणे लिहून सही करून द्यावीत. लेखी कारण द्यावे लागले की वशिल्याची वाचा बसते; आणि वाचावे लागले की आळस पळतो. यासाठी सहा हजार कोटी लागत नाहीत. लागते ती थोडी लाज आणि थोडा वेळ.

माझा विद्यार्थी सध्या मिरकरवाड्यातच आहे. बंदरातील होड्यांवरची मासे शोधणारी यंत्रे तो दुरुस्त करतो. काम प्रामाणिकपणाचे आहे, आणि त्याची त्याला लाज नाही. ती लाज ज्यांना वाटायला हवी ते दुसरेच आहेत. परवा जेटीवर भेटला तेव्हा एका यंत्राचे झाकण उघडून बसला होता. भोवती लिलाव चालू होता. एका व्यापाऱ्याने ढिगातून कोळंबी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली, वास घेतला, आणि मग भाव सांगितला. मुलगा हसून म्हणाला, "बघा सर, हा नुसता काउंट ऐकून भाव करत नाही. हातात घेऊन बघतो."

भाभांनी ज्या देशासाठी केंब्रिजकडे पाठ फिरविली, त्या देशातील निवड समित्यांनी मिरकरवाड्याच्या व्यापाऱ्याएवढी तरी तसदी घ्यावी, एवढीच अपेक्षा आहे.